शीव कोळीवाड्याचा ळ

मराठी वेबपान रचणाऱ्याच्या हाताशी आज पुष्कळ साधने असतात. त्यांपैकी रंगांचे तक्ते, चित्रांचे साठे आणि पानांचे तयार साचे कोणत्याही भाषेला चालतात. अक्षर तसे चालत नाही. ते त्या भाषेचेच लागते, आणि मराठीसाठी ते घडवण्याचा धंदा मुंबईत जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. आज एका ओळीच्या सूचनेने वेबपानावर येणारा फुकट टंक ही त्याच धंद्यातली अलीकडची वस्तू. या सगळ्या काळात अक्षराचा आकार जितका महत्त्वाचा ठरला, तितकेच ते दुसऱ्याच्या हाती कोणत्या अटीवर जाते हेही ठरले.

धंद्याची परीक्षा घ्यायला ‘शीव कोळीवाडा’ हे नाव सोयीचे आहे. शीव म्हणजे वेस, गावाची हद्द. मुंबई बेट संपून साष्टीकडची खाडी लागे तिथले हे ठिकाण, आणि जवळच कोळ्यांची जुनी वस्ती. इंग्रजी कारभारात शीवचे ‘सायन’ झाले. हार्बर मार्गावरच्या स्थानकाचे नाव पूर्वी कोळीवाडा असे होते. फाळणीनंतर इथे पंजाबी निर्वासित वसले आणि पुढे स्थानकाला गुरू तेग बहादूर नगर हे नाव मिळाले. तमिळ कुटुंबेही इथे मोठ्या संख्येने राहतात. इथल्या पंजाबी खाणावळींतल्या तळलेल्या मासळीला ‘कोळीवाडा’ हेच नाव चिकटले आणि पदार्थ देशभर गेला. मेनूकार्डांवर मात्र तो बहुधा ‘कोलीवाडा’ म्हणूनच भेटतो. मासळी पोचली, ळ वाटेतच राहिला.

या नावात जोडाक्षर नाही, रफार नाही, त्यामुळे ते छापायला सोपे वाटते. तरीही त्यात मराठी वळणाचा श आहे, दोन दीर्घ वेलांट्या आहेत, एक काना-मात्रा आहे आणि ळ आहे. अक्षर घडवणाऱ्या प्रत्येक पिढीला एवढे प्रश्न पुरले.

भारतात छपाईचे यंत्र १५५६ साली गोव्याला उतरले, पण तिथे देवनागरी खिळे पाडले गेले नाहीत. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले ते मराठीत, पण रोमन लिपीत. देवनागरीचे सुटे खिळे वापरून छापलेले पुस्तक रोममध्ये १७७१ साली निघाले. मराठीच्या वाट्याला खिळे आले ते बंगालमधून. श्रीरामपूरच्या मिशनमध्ये विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. त्या मिशनचा टंककारीचा वारसा पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराचा. बंगाली लिपीत ळ नाही, तेव्हा मराठीसाठी ते अक्षर तिथे वेगळेच घडवावे लागले. १८१० सालच्या मराठी शब्दकोशासाठी कॅरीने मोडीचे खिळे वापरले. त्या काळी मराठी माणूस रोजचे लिखाण मोडीतच करत असल्यामुळे हा निर्णय अगदी व्यवहारी होता. पुढे छापखान्यांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, उचलली आणि मोडी कागदपत्रांत राहिली. तिकडे मिरजेला १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली गेली. पत्र्यावरचे कोरीव अक्षर देखणे असते, पण ते त्या पत्र्याचेच. उचलून दुसऱ्या ओळीत ठेवता येत नाही.

मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला तो १८१७च्या सुमारास. सुरुवातीची सामग्री कलकत्त्याकडची होती, आणि दूरच्या खिळ्यांवर धंदा फार दिवस चालत नाही: एखादे अक्षर झिजले, हरवले की काम अडते. त्यामुळे खिळे मुंबईतच पाडण्याची खटपट सुरू झाली. या मिशनच्या छापखान्यात तयार झालेला टॉमस ग्रॅहॅम हा मुंबईच्या देवनागरी टंकांचा पहिला नाव घेण्याजोगा कारागीर. त्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात खिळ्यांची कटकट नाही. लेखकू कागदावर लिहितो आणि तो लेख दगडावर उतरतो. पण गणपत कृष्णाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या दशकात त्यांनी स्वतःचे खिळेही पाडले. छापील पोथी सोवळ्यात चालेल का, ही त्या काळची खरी अडचण होती. शाईत चरबी असते म्हणून भाविक लोक छापील ग्रंथाला हात लावत नसत. त्यावर शाईत तूप घालण्याचा उपाय निघाला. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची कौतुकाने नोंद आहे.

खिळा कसा पाडत, हे नीट पाहिले तर आजच्या टंकाचे बरेच गुणदोष कळतात. आधी पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा पंच. कोरून झाला की त्याला पाणी देऊन कडक करायचे आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे, म्हणजे तांब्यात अक्षराचा सुलटा खळगा उमटतो. ही मातृका. ती ओतण्याच्या साच्यात बसवून वितळलेले शिसे ओतायचे. नुसते शिसे मऊ असते, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळत. थंड झालेला तुकडा घासून, उंची सारखी करून मिळे तो खिळा. पंच कोरणाऱ्याच्या हाताचा कस एका अक्षरापुरता नसतो. क आणि ळ यांची जाडी, शिरोरेषेची उंची, वेलांटीचा बाक ही सगळी मापे एकमेकांशी जुळली तरच ओळ सरळ दिसते. शिरोरेषा केसभर खालीवर झाली तर शब्दाचे छप्पर तुटते.

जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांनी हा धंदा मोठा केला. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागलेल्या या मुलाने १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्याबरोबर पंच कोरणारे राणोजी रावजी आरू होते. मालकाचे नाव सगळ्यांना ठाऊक आणि अक्षर कोरणाऱ्याचे फारसे कोणाला नाही, हा या धंद्याचा जुना शिरस्ता. आरूंचे नाव निदान टिकले. काळबादेवीजवळच्या कोलभाट लेनमधून निघणारी निर्णयसागरची संस्कृत पुस्तके, विशेषतः १८८६ पासूनची ‘काव्यमाला’, काशीपासून युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत गेली. बारीक टंक, दाट मजकूर, आणि तरी प्रत्येक जोडाक्षर वाचता येते ही त्या पानांची ख्याती होती. छापखान्याचे नाव पुस्तकांनी झाले असले तरी शहराच्या छपाईवर त्याचा परिणाम दुसऱ्या वाटेने झाला. जावजींनी आपले खिळे स्वतःपुरते ठेवले नाहीत, ते विकायला काढले. दुसऱ्याचा छापखाना निर्णयसागरच्या अक्षरात ग्रंथ छापू लागला. पुढे गिरगावच्या गायवाडीतली गुजराती टाइप फाउंड्री देवनागरी खिळे पुरवू लागली, आणि कोकणातल्या लहान गावातला छापखानाही मुंबईला पत्र टाकून वजनावर अक्षरे मागवू लागला.

रोमन लिपीला छोटीमोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे धरून शंभर-सव्वाशे खिळ्यांत काम भागते. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार, बाजूला काना, आणि त्यात जोडाक्षरे. यावर मुंबईत दोन पद्धती चालत. अखंड पद्धतीत अक्षर आणि त्याचे चिन्ह एकाच खिळ्यावर ओतलेले असे: दिसायला एकसंध, पण खिळ्यांची संख्या कित्येकशे. डिग्री पद्धतीत मूळ अक्षराचे अंग लहान ठेवत आणि वरखालची चिन्हे वेगळ्या खिळ्यांनी थरावर थर रचून बसवत. खिळे कमी लागत, पण जुळाऱ्याचे काम वाढे; एका ओळीसाठी तीन मजले जुळवायचे आणि मोकळ्या जागी कोरे तुकडे भरायचे. ‘कोळीवाडा’ जुळवायला डिग्रीत को-ची मात्रा वर, खाली कोरे तुकडे, मग ळ, त्याची वेलांटी, असा खेळ चाले. ओळ पक्की आवळली नाही तर छापताना मात्रा हले, आणि कोळीवाड्याचा काळीवाडा होई. मराठीत ‘खिळे जुळवणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला तो या कामामुळे. गिरगावच्या खटाववाडीतल्या मौजेच्या छापखान्याची कीर्ती लेखकांमुळे जितकी झाली, तितकीच स्वच्छ जुळणी आणि कसून तपासलेल्या मुद्रितांमुळेही.

अक्षरांची चोरी तेव्हाही होत असे. विकत घेतलेल्या खिळ्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवला की आयती मातृका तयार होते. पंच कोरण्याची मेहनत वाचते. जगभरच्या ओतशाळांना ही युक्ती ठाऊक होती. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने रचण्याच्या, काळात फ्लॉपीवरून फिरणारे टंक पाहून हळहळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की हा रोग संगणकाने आणलेला नाही.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या धडपडीत गेला. टिळकांनी केसरीसाठी त्यात लक्ष घातले. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, इ, ई, उ यांची वेगळी अक्षरे टाकून अ-लाच वेलांट्या नि उकार लावायचे. यंत्राच्या सोयीसाठी लिपी वाकवावी की लिपीसाठी यंत्र, असा तो वाद. मोनोटाइप आणि लायनोटाइप या यंत्रांनी जुळणीचा वेग वाढवला, पण यंत्राच्या चौकटीत न मावणारी जोडाक्षरे पाय मोडून लिहिण्याची सवयही लावली. शासकीय मुद्रणालयाचे संचालक राहिलेले बापूराव नाईक यांनी या साऱ्या घडामोडींचा तपशील १९७१ साली ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या तीन खंडांच्या ग्रंथात नोंदवला. हा ग्रंथ भाषा संचालनालयाने मुंबईतून काढला आणि देवनागरी टंकावर काम करणाऱ्याला तो अजूनही चुकवता येत नाही.

संगणकाच्या दारात मराठी अक्षर नेणाऱ्यांत रघुनाथ कृष्ण जोशी हे नाव मोठे आहे. र. कृ. जोशी कवी होते, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले होते, जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते. १९८३ पासून त्यांनी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवले आणि तिथून निवृत्त झाल्यावर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीएसटीत, टंकांचे काम केले. बोरूच्या टोकाचा कोन बदलला की अक्षराची जाडी कशी बदलते, हे त्यांना हाताने ठाऊक होते, आणि तेच संगणकाला शिकवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. याच सुमारास आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी भारतीय लिपी संगणकावर आणणारे जिस्ट तंत्रज्ञान उभे केले. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. १९८६ साली इनस्क्रिप्ट कळफलक ठरला आणि १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक झाली. सगळ्या भारतीय लिपी ब्राह्मीच्या लेकी, तेव्हा त्यांचा वर्णक्रम एकच धरावा ही त्यामागची कल्पना. म्हणून इनस्क्रिप्टवर इंग्रजी एनच्या कळीवर ल आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की ळ. भाषा बदलली तरी बोट बदलत नाही.

कल्पना चांगली होती, पण बाजार दुसऱ्या वाटेने गेला. डीटीपीच्या दुकानांना पाहिजे होते छापील पान, आणि त्यासाठी सोपी युक्ती सापडली होती: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. संगणक समजे की इंग्रजी मजकूर आहे. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा नावांचे टंक दादर, गिरगाव आणि लोअर परळच्या गाळ्यांत घरोघरच्या भांड्यांसारखे परिचयाचे झाले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका टंकात जिथे ळ, तिथे दुसऱ्यात एखादे अर्धे अक्षर. कागदावर छापून संपणाऱ्या कामाला यात काही बिघडत नसे.

बिघडले ते इंटरनेट आल्यावर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि थोड्याच वर्षांत मराठी वृत्तपत्रे जाळ्यावर आली. वाचकाच्या संगणकात तोच टंक नसेल तर ‘शीव कोळीवाडा’ ऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. त्यामुळे पानाच्या डोक्यावर ‘आधी हा फाँट उतरवून घ्या’ अशी पाटी लागे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणाऱ्याला ती पाटी म्हणजे दंडच वाटे. १९९७ च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोररने आणि नेटस्केपने पानाबरोबर टंक पाठवण्याच्या आपापल्या पद्धती काढल्या, पण एकाची दुसऱ्याला चालत नसे. काही जण सरळ मजकुराचे चित्र करून टाकत. त्यात अक्षर सुबक दिसे, पण ते शोधता येत नसे, उचलता येत नसे, मोठे करता येत नसे. मिरजेच्या तांब्याच्या पत्र्याची ही नवी आवृत्तीच.

परदेशी राहणाऱ्यांनी तोवर आपली सोय लावली होती. अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास अमेरिकेत आयट्रान्स ही रोमन लेखनपद्धती आणि तिची आज्ञावली तयार केली. तिच्यात मोठ्या लिपीतला एल म्हणजे ळ. विद्यापीठांच्या संगणकांवरून मराठी आणि संस्कृत मजकूर पाठवणाऱ्या पुष्कळांचे बोट त्या एका शिफ्टच्या कळीवर बसले.

गाठ सुटली ती युनिकोडमुळे. १९९१ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीवरून घेतलेली होती. प्रत्येक भारतीय लिपीला १२८ घरांचे कोष्टक आणि सारख्या वर्णाला कोष्टकात सारखीच जागा. देवनागरीत ळ चे घर ०९३३. बंगाली कोष्टकात नेमके तेच घर आजही रिकामे आहे. श्रीरामपूरच्या कारागिरापुढची अडचण तिथे कायमची नोंदली गेली आहे. तमिळमध्ये त्या घरात तमिळ ळ बसलेला आहे आणि गुरुमुखीत ल-खाली टिंब दिलेले अक्षर. पंजाबी बोलण्यात ळ भरपूर असला तरी लिहिताना ते टिंब बहुधा गाळतात. म्हणजे कोळीवाड्याचे कोळी, गुरू तेग बहादूर नगराचे पंजाबी आणि शेजारचे तमिळ तिघेही ळ उच्चारतात आणि युनिकोडमध्ये तिघांचा ळ एकाच दाराआड राहतो. ळ वगळतो तो ‘कोलीवाडा’ लिहिणारा हिंदी फलक.

युनिकोडमध्ये ‘शीव कोळीवाडा’ म्हणजे मधली मोकळी जागा धरून १२ संकेत, आणि वेबवरच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३४ बाइट. यातले काहीही आकार नव्हे. संगणक साठवतो तो वर्ण. वेलांटी कुठून वळवायची, मात्रा कुठे टेकवायची हे टंक आणि त्याला चालवणारी आज्ञावली ठरवते. वर्ण आणि आकार असे वेगळे केल्यामुळे मजकूर टंकाच्या तावडीतून सुटला. २००० साली आलेल्या विंडोजमध्ये ‘मंगल’ हा देवनागरी टंक आधीपासून बसवलेला होता, तो र. कृ. जोशींनी घडवलेला. मंगल काही देखणा टंक म्हणून गाजला नाही. लहान आकारात, जाड ठिपक्यांच्या पडद्यावर वाचता यावा एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते आणि ते काम त्याने केले. पण वाचकाला काहीही उतरवून न घेता मराठी दिसू लागली, ही त्याची कामगिरी कोणत्याही सौंदर्याहून मोठी.

खुल्या परवान्याचे टंक याच वेळी येऊ लागले, आणि त्यांतला एक शीवच्या अगदी शेजारी तयार झाला. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे जितेंद्र शहा यांच्याभोवती जमलेल्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याने उपलब्ध केला. रेड हॅट कंपनीने २००४ साली ‘लोहित’ हे टंक खुले केले. वापरा, बदला, पुढे द्या, अशी मुभा असल्यामुळे विद्यार्थ्यांना टंक उघडून आत काय आहे ते पाहता आले. जोडाक्षरांचे नियम शिकण्यासाठी तोवर अशी शाळा नव्हती. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडवर उभा राहिला तो याच वर्षांत.

मराठीच्या स्वतःच्या काही तक्रारी होत्या आणि त्या एकेक करून मिटत गेल्या. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. मराठीत तो नसेल तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकच होतात. युनिकोडने यासाठी टिंबाचा ऱ वापरला. तो वर्ण मुळात द्राविडी भाषांतला र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला होता. मराठीने त्याचे अर्धे रूप घेऊन काम भागवले. ‘ॲ’ चे प्रकरण अधिक काळ रेंगाळले. अ-वर चंद्र द्यावा तर पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटे, म्हणून लोक ‘ऍ’ लिहीत राहिले. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे म्हणून सांगितली. पुष्कळ टंकांत तोवर हिंदी वळणाचीच रूपे होती. मोडीला युनिकोडमध्ये प्रवेश मिळाला तो २०१४ साली, कॅरीच्या कोशानंतर दोनशे चार वर्षांनी.

वेबपानाबरोबर टंक पाठवण्याची जुनी कल्पना २००८ ते २०१० या वर्षांत पुन्हा उभी राहिली. सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम यांनी ती एकसारखी स्वीकारली. २०१२ साली वॉफ हा टंकाचा दाबून बसवलेला प्रकार जागतिक मानक झाला. देवनागरीला त्याची गरज रोमनपेक्षा जास्त होती, कारण एका टंकात जोडाक्षरे धरून कित्येकशे आकार असतात. अखंड पद्धतीच्या खिळ्यांइतके. फाइल जड, आणि तेव्हा मोबाइलवरचे जाळे मंद. २०१० साली सुरू झालेल्या गूगल फाँट्सने हा भार कमी केला: टंक त्यांच्या संगणकावर, पान रचणाऱ्याने फक्त नाव लिहायचे, आणि वाचकाकडे लागेल तेवढाच भाग पाठवायचा. सुरुवातीला तिथे देवनागरी नव्हती म्हटले तरी चालेल. २०१४ पासून ती भराभर आली.

या भरतीत मुंबईचा वाटा मोठा आहे. गिरीश दळवी, नूपुर दात्ये, सारंग कुलकर्णी आदींच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’, ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे टंक खुल्या परवान्याने दिले. मुक्ता साधा, वाचनाचा. बातमीच्या मजकुराला चालणारा. बालू गुबगुबीत, पाटीवर शोभणारा. मोदक इतका जाड की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा चिरेएवढी उरते. मजकुराला तो निरुपयोगी आणि मथळ्याला बेफाम. मुक्ता आणि बालू यांची भावंडे इतर लिपींतही आहेत. बालूचे गुरुमुखी रूप ‘बालू पाजी’ आणि तमिळ रूप ‘बालू थंबी’. मुक्ताची ‘मुक्ता माही’ आणि ‘मुक्ता मलार’. शीव कोळीवाड्यातल्या एखाद्या दुकानाला मराठी, पंजाबी आणि तमिळ अशा तिन्ही लिपींत एका घराण्याचे फलक करायचे असतील, तर लागणारे सगळे साहित्य आज फुकट मिळते. र. कृ. जोशींच्या पवईच्या विभागातून २००८ साली सुरू झालेला ‘टायपोग्राफी डे’ हा या कामाच्या चर्चेची जागा ठरला.

साधने फुकट झाली तरी चुका व्हायच्या त्या होतातच. इंग्रजी पानासाठी केलेल्या साच्यात मथळ्यांच्या अक्षरांमध्ये अंतर सोडलेले असते. तोच साचा मराठीला लावला की शिरोरेषा जागोजागी तुटते, आणि पाहणाऱ्याला टंक वाईट वाटतो. इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळींच्या अंतरात खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला जाऊन भिडते. डिग्रीच्या जुळाऱ्याला हा प्रसंग चांगला परिचयाचा होता. फाइल हलकी करण्यासाठी टंकातले ‘न लागणारे’ आकार काढून टाकणारे हौशी कारागीर नेमके जोडाक्षरांचे आकार काढतात आणि मग ‘त्र’ चा ‘त्‌र’ होतो. सर्वांत सामान्य चूक सर्वांत लहान आहे. पानाच्या पहिल्या ओळीत भाषा सांगायची जागा असते. तिथे मराठीची खूण न घालता इंग्रजीची किंवा हिंदीची तशीच राहू दिली जाते. मराठी रूपे आत बाळगणारा टंक ती खूण वाचतो आणि त्याप्रमाणे आकार निवडतो.

२०२२ साली गूगल फाँट्सवर ‘टिरो देवनागरी’ आला. कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सचा हा टंक मूळचा हार्वर्ड विद्यापीठाच्या मूर्ती अभिजात ग्रंथमालेसाठी केलेला, आणि त्याच्या रुंद, भरदार अक्षरांमागे निर्णयसागरच्या खिळ्यांची प्रेरणा आहे. तो तीन वेगळ्या टंकांत मिळतो: संस्कृत, हिंदी आणि मराठी. मराठी निवडून ‘शीव कोळीवाडा’ लिहिले की देठाचा श उमटतो. हिंदी निवडले की तोच शब्द, तेच १२ संकेत, आणि श गाठीचा. ळ दोन्हींत सारखाच राहतो.